दाबून धरलेलं बटण

कुठंही नव्या रबराचा वास आला की परतूरमधली एक दुपार आठवते. मामेभावाने टीव्हीला जोडायचा फौजेचा खेळ आणला होता. कॉम्प्युटरवर असाच खेळ मी माउसने खेळायचो. पडद्यावर शिपायांभोवती चौकोन ओढला की सगळे एकदम हुकमात. इथं मात्र हातात नव्या रबराचा वास येणारा, दोन दांड्यांचा रिमोट होता. मी एकेक शिपाई निवडत बसलो, तोवर शत्रूने किल्ला पाडला. "यावर हा खेळ जमतच न्हाई," मी चिडून म्हणालो. शेजारी मामा बघत होते. कापसाच्या जिनिंगच्या मशीनमध्ये उजव्या हाताची तीन बोटं गेल्यापासून तो हात ते कायम खिशात ठेवायचे. "दे बरं इकडं," म्हणत त्यांनी तो बाहेर काढला आणि उरलेल्या बोटाच्या आधाराने रिमोट धरून अंगठ्याने बटणं दाबून पाहू लागले. एक बटण त्यांनी सोडलंच नाही, तसा पडद्यावर एक गोल पसरत गेला आणि त्यातले सगळे शिपाई उजळले. "दाबून धरलं की बराबर येऊन राह्यले बघ समदे!" मामा ओरडले. संध्याकाळपर्यंत रिमोट त्यांनी कुणाला दिला नाही. आता खेळ तपासणं हेच माझं काम आहे. प्रत्येक नवा खेळ मी आधी नुसत्या अंगठ्यांनी खेळून बघतो. का, ते ऑफिसात कुणाला सांगितलेलं नाही.