मोटारीच्या शेडमधले रविवार

आमची मोटार घरापर्यंत कधी आलीच नाही. गंगेकाठच्या ब्रह्मा घाटाच्या गल्लीत समोरून सांड आला तर माणसाला ओट्यावर चढावं लागे, तिथे मोटार कुठली येणार? ती बाहेर मोठ्या रस्त्यावर, मैदागिनजवळ एका भाड्याच्या शेडमध्ये असायची. ह्यांच्या कॉलेजातले एक साहेब विलायतेला परत जाताना स्वस्तात देऊन गेले होते. दर वेळी मिस्त्री बोलावणं मास्तरकीच्या पगारात बसत नव्हतं, म्हणून रविवारी हे स्वतःच तिची डागडुजी करायचे.

लग्नाला वर्ष होत आलं, तरी दिवसाउजेडी आम्ही दोघं धड बोललो नव्हतो. घर भरलेलं, त्यात सासूबाईंचं लक्ष चहूकडे. एका रविवारी हे त्यांना म्हणाले, "आई, हिला जरा नेतो. ब्रेक आवळायचेत, आत बसून दाबायला माणूस हवं."

"आणि घरातले पुरुष कुठे गेले?"

"त्यांना नेलं की ते गाडी चालवायलाच मागतात."

सासूबाईंना हसू आलं. "जाताना संकठादेवीचं दर्शन घ्या," एवढंच म्हणाल्या.

मी आत बसले. हे चाकापाशी. "दाब. सोड. आता हळू दाब." मध्येमध्ये हे बोलत राहायचे. गंगेकाठी जन्मून आपल्याला पोहता येत नाही, हे त्यांनी मला चाकाआडून सांगितलं. समोर बसून सांगितलं नसतं.

मग दर रविवारी काही ना काही काम निघू लागलं. हत्यारं मात्र धड नव्हती. जुन्या लोखंडाच्या दुकानात हे एका पेटीपाशी थांबले. आत नट आवळायचे चकचकीत पाने ओळीनं मांडलेले.

"बाबूजी, पूरा सेट है, ले जाइए," दुकानदार म्हणाला.

मी हळूच विचारलं, "अहो, आपल्या गाडीला यातले किती लागतील?"

ह्यांनी विचार केला. "तीन. फार तर चार."

पुढच्या खेपेला मी गाडीचे नट पदराच्या गाठीत बांधून नेले. ढिगातला एकेक पाना आम्ही नटावर बसवून पाहिला. जो डुगडुगला तो बाजूला, कारण तसला पाना नटाचे कोपरे खातो. गंजलेले पण घट्ट बसणारे चार घेतले, घरी रॉकेलमध्ये भिजवले आणि राखेनं घासले. प्लगची फट मोजायला वेगळं हत्यार घेतलंच नाही. करवतीचं तुटकं पातं नेमकं त्या जाडीचं निघालं.

गाडी उचलून धरायचा जॅक मात्र आम्ही स्वस्त बघून घेतला. एकदा हे गाडीखाली होते, मी बाहेर पाने देत बसले होते. कर्र असा आवाज आला आणि मडगार्ड खाली येताना दिसलं. "अहो, बाहेर या!" म्हणत मी त्यांचे पाय धरून ओढले. ते बाहेर आले आणि गाडी बसली. दोघंही जमिनीवरच बसलो. माझे हात ग्रीसनं भरलेले, तसेच त्यांनी आपल्या हातात धरून ठेवले.

त्यानंतर मी हट्टानं लाकडाचे दोन जाड ओंडके आणायला लावले. ते खाली सरकवल्याशिवाय मी ह्यांना गाडीखाली जाऊ देत नसे, आणि तेही निमूट ऐकत.

मग लढाई सुरू झाली. पेट्रोल कूपनावर मिळू लागलं, पुढे तेही मिळेना. टायर तर दिसेनासेच झाले. तरी आम्ही रविवारी जातच होतो. न चालणाऱ्या गाडीचे प्लग घासायचे, साखरेशिवाय चहा प्यायचा आणि बोलत बसायचं. शेवटी जौनपूरचा एक गृहस्थ गाडी विकत मागायला आला. शेडचं भाडं विनाकारण जात होतं, नाही म्हणायला तोंड नव्हतं. ह्यांनी हत्यारंही त्यालाच दिली. कुठला पाना कुठल्या नटाचा, हे मी त्या गृहस्थाला सांगितलं.

परतताना हे सरळ घरी न वळता भोसले घाटावर उतरले. आम्ही पायऱ्यांवर बसलो. समोरून वाळूनं भरलेली नाव चालली होती. ती पार दिसेनाशी झाल्यावर हे म्हणाले, "आता तुझ्याशी बोलायला मी काय निमित्त काढू?"

मला तेव्हा काही सुचलं नाही. नंतर रविवारी ह्यांच्याकडे विद्यार्थी येऊ लागले, मी जावांबरोबर पापड लाटू लागले. संसार चांगलाच झाला आमचा. पण त्या प्रश्नाची कितीतरी उत्तरं मला आता सुचतात, आणि ऐकायला हे नाहीत.