सुई बघणारं माणूस

मिस्त्रींच्या गॅरेजमध्ये नवी गाडी सहसा येत नसे. यायच्या त्या म्हाताऱ्या गाड्या, ज्यांच्यापुढे बाकीच्यांनी हात टेकलेले असत. अशा गाडीचं दुखणं रस्त्यावरच कळतं आणि त्याला दोन माणसं लागतात. एकाने चालवायचं, दुसऱ्याने मांडीवर दाब दाखवणारं गेज घेऊन त्याच्या सुईवर नजर ठेवायची. इतकी वर्षं ते दुसरं माणूस म्हणजे मिस्त्रींची बायको. हातातली भाजी तशीच टाकून यायची आणि सुई जरा हलली की सांगायची. सुनेच्या बाळंतपणाला म्हणून ती मुलाकडे परदेशात गेली, ती तिकडचीच झाली. नातू आता घरभर पळत होता.

त्यात दातांच्या डॉक्टरांची लाल गाडी आली. पेट्रोल इंजेक्शन नुकतं निघालं होतं त्या काळातली. गार असली की सुतासारखी सरळ. तापली की आचके आणि काळा धूर.

मिस्त्रींचा संशय प्रेशर सेन्सरवर होता. इंजिनच्या नळीतला दाब मोजायचं त्याचं काम. आतला पातळ पडदा फाटला की तो भलतंच सांगतो आणि इंजिनमध्ये नको तेवढं पेट्रोल पडतं. पण गॅरेजमध्ये तपासला की सेन्सर अगदी शहाण्यासारखा वागे.

मिस्त्रींनी त्या नळीला गेज जोडलं आणि शेजारच्या शिंप्याला बरोबर घेऊन गेले. तो रस्ताभर जावयाचं गाऱ्हाणं सांगत बसला.

"सुई कुठंय?" मिस्त्रींनी विचारलं.

"आहे की जागेवर," शिंपी म्हणाला.

बायकोचा फोन आला तेव्हा त्यांनी हे सांगितलं. ती खूप हसली. मग म्हणाली, "अहो, मला दाखवा ना सुई. मोबाईल लावा गेजसमोर."

त्यांनी बाजूच्या सीटवर गेज ठेवलं आणि त्यासमोर मोबाईल चिकटपट्टीने बसवला. तिला फक्त सुई दिसत होती; मिस्त्री नाही.

चढ संपून सपाट रस्ता लागला तशी ती म्हणाली, "घसरली. पेडलवरचा पाय हलवलात का?"

"नाही."

"मग आपोआप घसरली."

त्यांनी इंजिन चालू ठेवून गाडी कडेला घेतली, बॉनेट उघडलं आणि सेन्सरकडे जाणारी नळी चिमट्याने दाबली. "आता बघ गं."

"चढली."

त्यांनी नळी सोडली.

"पडली परत."

म्हणजे हवा सेन्सरमधूनच शिरत होती; पडद्याची फाट तापल्यावरच उघडत होती. "सापडला," मिस्त्री म्हणाले.

"चला, बरं झालं. मग ठेवू? हा उठलाय, रडतोय."

"थांब जरा."

"काय हो?"

"काही नाही. टोपी घाल त्याला."

फोन बंद झाला. ते सीटवर येऊन बसले. इंजिन चालूच होतं, ते बंद करायचंही त्यांच्या लक्षात राहिलं नाही.

भंगारवाल्याकडे त्यांना तसलाच एक धड सेन्सर मिळाला. तो बसवून ते एकटेच चढावर जाऊन आले. धूर नाही, आचका नाही.

डॉक्टर गाडी न्यायला आले. चावी घेताना त्यांनी विचारलं, "काकू कधी येणार?"

"येईल की, तिकडची थंडी सरली की," मिस्त्री म्हणाले. मागच्या वर्षीही त्यांनी हेच सांगितलं होतं.

गाडी कोपऱ्यावरून वळली. मिस्त्री आत आले, शटर अर्धं ओढलं आणि मोबाईल उशाशी घेऊन बाकावर आडवे झाले. तिकडे सगळे झोपले असतील.