खराटा, तूर आणि लेकीची सायकल

आमच्या गावाहून वडवणीला जाणारा रस्ता नवा झाला, तेव्हा त्याच्या दोन्ही कडांना पांढरी पट्टी ओढली. पट्टीबाहेर दीडेक हात डांबर उरलं. ते कुणासाठी, हे कुणी सांगितलं नाही. पण माझ्या नववीतल्या लेकीनं ते आपलं म्हणून टाकलं. पट्टीच्या आत उसाचे ट्रॅक्टर दोन-दोन ट्रॉल्या ओढत असतात. शाळेची सायकल जाणार ती बाहेरूनच.

अडचण एवढीच, की रस्त्याला नको झालेलं सगळं शेवटी त्या दीड हातातच येऊन पडतं. उसाची कांडी, खडी, फुटक्या बाटलीची काच, बाभळीचे काटे. सारखी पंक्चर. त्यात एकदा कांडीवरून चाक घसरलं आणि लेकीचा गुडघा फुटला. बायकोनं निकाल दिला.

"आवं, अजून एकदा पडली ना, सायकल आढ्याला टांगायची. मग तुमी सोडा तिला मोटारसायकलवर."

लेकीनं सायकलीचं हँडल घट्ट धरलं. बापाच्या मागं बसून शाळेच्या फाटकात उतरायचं, याहून मोठं संकट तिला माहीत नव्हतं. माझी मोटारसायकल तिच्या सायकलीपेक्षा हळू जाते, हेही कारण असावं.

म्हणून मी खराटा घेतला. घरापासून ओढ्याच्या पुलापर्यंत रोज सकाळी झाडायचं ठरवलं. घरात कधी केरसुणीला हात न लावलेला माणूस. पहिल्या दिवशी वाऱ्याच्या तोंडावरच झाडत होतो. सगळा कचरा माझ्याच अंगावर. दूध घालायला निघालेला माझा ट्रॅक्टरवाला दोस्त मोटारसायकल हळू करून म्हणाला, "काय बे, पंचायतीत लागलास काय?"

"तुझ्या ट्रॉलीतून पडलेलाच ऊस हाय ह्यो," मी म्हणालो. त्यानं गाडीचा वेग वाढवला.

हळूहळू पट्टा असा लख्ख झाला की पंगत बसवावी. तिथंच माझं चुकलं. आमच्याकडं स्वच्छ, तापलेलं डांबर दिसलं की माणसाला एकच सुचतं. एका सकाळी बघतो तर माझ्या चुलतीनं पुलाअलीकडं पट्टाभर तूर वाळत घातलेली, आणि गाड्या चढू नयेत म्हणून कडेनं नारळाएवढे दगड.

"काकू, हे कशापायी?"

"लई झ्याक झाडलंस, बाबा. खळंसुदिक एवढं साफ न्हाई. उद्या जरा पुढं झाड, अजून दोन पोती हायती."

"आगं, पोरगी इथून सायकलवर जाते. दगडाला अडकून पडली तर सायकल आढ्याला जाईल!"

चुलतीचा चेहरा उतरला. "मग आधी सांगायचं न्हाई? मला वाटलं, माझ्यासाठीच झाडतोस."

दोघांनी मिळून दगड उचलले, डांबराच्या कडेला मुरमावर जुनी लुगडी अंथरली आणि तूर तिकडं ओढली.

दुसऱ्या दिवशी खराटा घेऊन गेलो, तर पट्टा आधीच झाडलेला. चुलती तुरीशेजारी खराटा मांडीवर घेऊन बसलेली. "चाकानं खडी उडून तुरीत पडली, तर दात माझेच जातील," ती म्हणाली. तेवढ्यात घंटी वाजली. लेक सुसाट गेली, जाताजाता ओरडली, "आजी, तुझं झाडणं बाबांपेक्षा चांगलं हाय!"

मी खराटा खांद्यावर टाकून घरी आलो. बायकोनं आधी आढ्याकडं पाहिलं, मग माझ्याकडं.

"हातात हायच, तर अंगण झाडून घ्या."