चौदा हेडफोन आणि बिर्टेचा आवाज

त्सेले गावात रोझविटाबाईंना "एवढे हेडफोन कशाला हो?" असं विचारायची हिंमत आता कुणी करत नाही. एकदा बेकरीच्या रांगेत एकीने विचारलं, तर बाई सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "तुमच्याकडे बुटांचे जोड किती? पाय तर दोनच दिसतायत!" रांग हसली आणि विचारणारीने तोंड फिरवलं.

स्वभाव पहिल्यापासून असाच. उभा जन्म लाँड्रीत, वाफेच्या इस्त्रीयंत्रापाशी गेला. दिवसभर तो खडखडाट, आणि घरी यावं तर नवरा डीटमार टीव्हीवर फुटबॉल लावून बसलेला, भिंती हादरतील एवढ्या आवाजात. भांडून काही उपयोग होईना, तेव्हा पगार झाल्या दिवशी बाई हेडफोन घेऊन आल्या. "तुझा फुटबॉल तुला लखलाभ," म्हणाल्या, आणि पाठ फिरवून ऑर्गनची रेकॉर्ड ऐकत बसल्या. पुढे एकदा शेजाऱ्याचा हेडफोन सहज लावून पाहिला, तर काय! ऑर्गन तोच, वाजवणारा तोच, पण आपण चर्चमध्ये भलत्याच बाकावर जाऊन बसलोय. मग काय, प्रत्येक बाकावर बसून पाहायचंच, असं बाईंनी मनावर घेतलं.

बघता बघता चौदा झाले. इतरांच्या घरी भिंतीवर हरणाची शिंगं असतात, बाईंच्या भिंतीवर खुंट्या आणि खुंट्यांवर हेडफोन. प्रत्येकाला नाव. 'पाद्रीबाबा' खालच्या सुरांचा, भरदार. त्यात काहीही लावा, प्रवचनासारखं घुमतं. 'काचवाली' बोचरी, तिच्यात वाजवणाऱ्याची नखंसुद्धा ऐकू येतात. 'खाटीक' म्हणजे नुसती धाडधाड. आणि सगळ्यांत लाडकं 'अंगण'. ते पाठीमागून उघडं, जाळीचं. त्यात आवाज कानात कोंबल्यासारखा वाटत नाही, समोर मोकळ्यावर बसून कुणी बोलावं तसा येतो. कुठलं गाणं कुणाकडे सोपवायचं, हे ठरवण्यात बाईंची दुपार मजेत जाते. चंगळ म्हणा हवं तर. त्याच म्हणतात, "आहेच चंगळ. मग?"

डीटमार गेला आणि पाठोपाठ बाईंचे कानही जायला लागले. मुलगी बिर्टे आणि जावई फोल्कर दर रविवारी दुपारी कॉफीला येतात, ते ओरडून ओरडून दमायला लागले. शेवटी बिर्टे भडकली. "आई, या हेडफोनांनीच तुझे कान खाल्ले! ते सगळे विकून टाक आणि कानाचं मशीन लाव. नाहीतर आम्ही यायचं बंद!"

"कान लाँड्रीने खाल्ले," बाई म्हणाल्या. "उरलेत तेवढे यांनी सांभाळले."

पण रविवार तुटायची भीती वाटलीच. बाईंनी मुकाट्याने मशीन आणलं. दुकानदार भला माणूस, पुन्हापुन्हा जुळवून दिलं. म्हणाला, उठल्यापासून झोपेपर्यंत लावा, तरच सवय होईल. बाईंनी लावलं. वर हेडफोन चढवला की ते शिट्ट्या मारायचं, तेही सोसलं. पण बेकरीवाली, रेडिओ आणि फोनवरची बिर्टे, तिघांचा आवाज एकच, पत्र्याचा. पोटच्या पोरीचा आवाज तिचा वाटेना! बाईंनी मशीन डबीत घातलं आणि सरळ परत करून आल्या.

त्या रविवारी बिर्टे आणि फोल्कर आले, तर कॉफीच्या टेबलावर, फुलदाणीत, फुलांऐवजी माईक उभा. डीटमार नेमबाजी मंडळाच्या जत्रेत निकाल सांगायचा, तो माईक. मंडळाने नवा घेतल्यावर हा जुना, आवाज वाढवणाऱ्या पेटीसकट, घरी आला होता. पेटीतून वायर निघून थेट बाईंच्या कानावरच्या काचवालीत गेलेली.

"हे टेबल आहे की रेडिओ स्टेशन, सासूबाई?" फोल्कर म्हणाला.

बाईंनी कळवळून काचवाली उतरवली. "जावईबापू, तुमचा आवाज हिला सोसत नाही. थांबा, तुम्हाला पाद्रीबाबात घालते." चढवला. "हं, बोला आता. जरा वजन आलं शब्दाला."

"आई, पोरखेळ पुरे!" बिर्टे ओरडली. "मशीन कुठंय?"

"परत केलं."

बिर्टेने काटा बशीत ठेवला. "म्हणजे तुला हेच प्यारे. ठीक आहे. पुढच्या रविवारपासून नाही येत आम्ही."

बाई उठल्या, खुंटीवरून अंगण काढलं, कानावर चढवलं, त्याची वायर पेटीत खुपसली आणि डोळे मिटून खुर्चीत टेकल्या.

फोल्करला वाटलं, बाईंनी गाणं लावलं. तो पुटपुटला, "बघ, लागली ऐकायला. उद्या वृद्धाश्रमात गेली ना, की हा सगळा पसारा जुन्या बाजारात."

बिर्टे हळूच म्हणाली, "पसाऱ्याचं काही नाही रे. मला तिच्याशी हळू बोलायचंय. ओरडून काय बोलता येतं? औषध घेतलंस का, दार लावलंस का. बाबा गेल्यापासून मी आईशी साधं असं काही बोललेच नाही."

बाई हलल्या नाहीत. तो आवाज! थोडा घोगरा, वाक्याच्या शेवटी खाली बसणारा, लहानपणी बिर्टेला ताप आला की असायचा तसा. मशीनमध्ये तो नव्हताच. इतकी वर्षं ओरडण्याखाली दबून गेला होता, आणि आता समोर बसून बोलत होता.

"मग बोल की हळू," बाई डोळे न उघडता म्हणाल्या. "ऐकतेय मी. आणि जावईबापू, जुना बाजारही ऐकला हं!"

फोल्करने घाईघाईने केकचा मोठा तुकडा तोंडात कोंबला.

"चौदातला एकही इथून हलणार नाही," बाई म्हणाल्या. "मशीनही येणार नाही. रविवारी मात्र तुम्ही दोघांनी यायचं. कुणाला कशात ऐकायचं ते माझं मी बघेन."

बिर्टेने फुलदाणी जवळ ओढली. माईकजवळ तोंड नेऊन, अगदी हळू, ती म्हणाली, "आई, केक कोरडा झालाय आज."

"झालाय खरा," बाई म्हणाल्या. "लोणी कमी पडलं." आणि मग त्यांना रडू फुटलं.