कार्डाच्या मागची पेन्सिल

माझ्या वहिनी सत्तावीस वर्षं वाचनालय सांभाळताहेत. हॉल एक, खिडक्या चार, रॅक बावीस. रॅक मी जोडलेत, म्हणून आकडा पाठ आहे. मी फिटर होतो. कोण किती काम करतं ते बघायची सवय निवृत्त झालो तरी गेली नाही. वहिनींइतकं काम करणारी माणसं मी कारखान्यातही दोनचारच पाहिली.

पूर्वी लोक त्यांना काहीही विचारायचे. अर्ज कसा लिहायचा, कुठल्या देशाची राजधानी कुठली. दोन म्हाताऱ्यांची पैज लागली की निकाल वहिनींच्या टेबलावर. मग इंटरनेट आलं आणि पैजांचा निकाल खिशातल्या खिशात लागू लागला. माझे दादा त्यांना चिडवायचे, "आता तुझ्याकडे कोण येणार? किती वाजले विचारायला?" लोक येतच राहिले. कुणाचा पासवर्ड हरवलेला, कुणाला फॉर्म भरायचा, कुणाला फोटो लहान करून हवा. "पुस्तक सोडून सगळं मागतात," वहिनी म्हणायच्या आणि करून द्यायच्या.

गेल्या वर्षी समितीने ठरवलं, पुस्तकांची यादी इंटरनेटवर टाकायची. म्हणजे वाचक घरूनच पुस्तक शोधेल. यादी लाकडी खणांत होती. नऊ हजार सहाशे कार्डं, प्रत्येक पुस्तकाचं एक. वहिनी अठ्ठावन्न वर्षांच्या, टायपिंग दोन बोटांचं. मी घड्याळ लावून पाहिलं. कार्डाला पाच मिनिटं, दिवसाला साठ कार्डं, एकशे साठ दिवस. त्यांनी एकशे एक्कावन्न दिवसांत संपवलं. मधे बोटं सुधारली.

आता चूक कुठे झाली ते सांगतो. कार्डाच्या पुढच्या बाजूला पुस्तकाची माहिती. मागच्या बाजूला वहिनींनी स्वतःसाठी पेन्सिलने काहीबाही लिहून ठेवलेलं. "पहिली चाळीस पानं नेटाने काढावीत, पुढे मजा आहे." "आजाऱ्याला देऊ नये, शेवटी सगळे मरतात." कंप्युटरवर 'टीप' नावाचा एक रकाना होता. इंजिनिअर सांगून गेला होता, रकाने रिकामे ठेवू नका. वहिनींना वाटलं, हा रकाना आपल्यापुरता. पेन्सिलीचं सगळं लिखाण त्यांनी तिथे इमानाने उतरवलं.

यादी सुरू झाली त्याच्या दुसऱ्या दिवशी न्हावी आला. मोबाईल पुढे धरून.

"बाई, हे काय? 'न्हाव्याला आधी बजावावे, पानं दुमडतो.' माझी बायको कालपासून हसतेय!"

वहिनींचा चेहरा उतरला. "हे तुम्हाला दिसतंय?"

"मला? माझ्या साडूला दिसतंय. तो समुद्रापलीकडे असतो."

नावं कुठेच नव्हती, फक्त धंदे होते. पण आमच्याकडे न्हावी दोन, त्यातला वाचणारा एक.

वहिनींचा नियम कडक. कोण काय वाचतं ते टेबलापलीकडे जाऊ द्यायचं नाही. घरच्या माणसाने विचारलं तरी नाही. मी विचारून पाहिलंय.

त्यातली एक टीप त्यांच्या जिवाला लागली. मुलांच्या गोष्टींच्या सात पुस्तकांवर एकच मजकूर होता: "लाँड्रीवाला स्वतःसाठी नेतो. नातीसाठी म्हणेल. विचारू नये." लाँड्रीवाल्याला तेव्हा नात सोडाच, सूनही नव्हती. पन्नाशीत त्याने या पुस्तकांवरून वाचायला शिकून घेतलं होतं, एकट्याने. घरातही कुणाला पत्ता नव्हता.

"भाऊजी, तो माणूस माझ्या भरवशावर आला होता," वहिनी म्हणाल्या. "मी त्याला चव्हाट्यावर आणला. आता तो ही पायरी परत चढेल का?"

इंजिनिअरला फोन केला. रकाना एकदम बंद होत नाही म्हणाला, एकेक टीप पुसा. माणसांचा उल्लेख असलेल्या दोनशे बारा टिपा निघाल्या, माणसं त्रेचाळीस. मी कार्ड वाचायचं, वहिनींनी पुसायचं. लाँड्रीवाल्याच्या सात सगळ्यांत आधी. पाच तास लागले, चहा एकदाच.

दुसऱ्या दिवसापासून त्या माफी मागायला निघाल्या. प्रत्येकाकडे, पायी. दादा म्हणाले, "अगं, एक मेसेज टाक, सगळ्यांना एकदम पोचेल."

"एकदम पोचलं म्हणूनच तर हा घोळ झाला," वहिनी म्हणाल्या आणि चपला घातल्या. मी सोबत.

दोघं खरंच रागावले. वहिनींनी खाली मान घालून ऐकून घेतलं. त्यांचा राग रास्त होता. बाकीच्यांचं मात्र मला नवल वाटलं. शिंपीणबाईंवर लिहिलेलं होतं, "नेते, वाचत नाही." त्या गळ्यात टेप तशीच ठेवून उसळल्या, "ते बारा वर्षांपूर्वीचं! आता विचारा काहीही." कुणी विचारलं नाही, तरी त्यांनी अख्खी कादंबरी सांगितली. चाळीस मिनिटं. आम्ही उभे. निवृत्त मुख्याध्यापकांची टीप होती, "प्रेमकथाच नेतात, कव्हर घालून द्यावे." ते दारातूनच हळू म्हणाले, "झालं ते झालं. कव्हर मात्र चालू ठेवा." बेकरीवाल्याने तर आम्हाला रस्त्यात अडवलं. त्याच्यावर काहीच लिहिलेलं नव्हतं. "वीस वर्षं मेंबर आहे मी, बाई. एक ओळ नाही?"

रोज तीन घरं, असे चौदा दिवस. बेचाळीस झाले. लाँड्रीच्या गल्लीवरून आम्ही कितीदा गेलो, पण वळलो नाही. लाँड्रीवाला दर गुरुवारी यायचा. दोन गुरुवार आला नव्हता.

मी म्हटलं, "वहिनी, अवघड नट शेवटी ठेवला की तो आणखी गंजतो."

"कळतंय हो मला," त्या म्हणाल्या. आणि वळल्या.

दुकानात वाफ भरलेली. सून गल्ल्यापाशी कपड्यांना चिठ्ठ्या टाचत होती. लाँड्रीवाला आत स्टुलावर, चष्मा नाकावर, मोबाईल गुडघ्यावर, बोट काचेवर.

वहिनी उभ्या उभ्याच म्हणाल्या, "माझी चूक झाली. तुमचं..."

त्याने हात वर केला. "थांबा. एवढी ओळ होऊ दे."

ओठ हलत होते. ओळ संपली, मग त्याने वर पाहिलं. "पुसलंत ना तुम्ही?"

"हो. कळलं त्याच दिवशी. सातही."

"का पुसलंत?" आवाज चढलेला. "माझ्यावर लिहिलेलं, आणि ते मी स्वतः वाचलं. सुनेला दाखवायला गेलो तर गायब!"

"मला काय माहीत, बाई," सून म्हणाली. "बाबा म्हणाले, माझ्यावर वाचनालयाने लिहिलंय. मला वाटलं पुस्तक हरवलं यांनी. मग सगळं सांगितलं. पाच वर्षं लपवलं होतं, बघा!"

वहिनींनी विचारलं, "मग दोन गुरुवार आला नाहीत ते?"

"वाचतोय ना. ही यादी. तुमच्या टिपांसकट, पहिल्यापासून. अकराशे झाल्या. हातात घेतलेलं मधे सोडायचं नाही, तुम्हीच सांगितलं होतं. संपली की येणार होतो."

मी मनात हिशेब केला. दिवसाला ऐंशी. अजून साडेतीन महिने.

"परत लिहा," तो म्हणाला. "आत्ता. फक्त 'विचारू नये' तेवढं नको. आता विचारलं तरी चालेल."

वहिनी चौदा दिवसांत पहिल्यांदा हसल्या. अशा हसल्या की स्टूल ओढून बसावं लागलं. मग पर्समधून मोबाईल काढला आणि तिथेच लिहायला घेतलं. तो खांद्यामागे उभा राहून एकेक शब्द तपासत होता.

सून म्हणाली, "एकदा लिहून सात ठिकाणी चिकटवता येतं, बाई. मी दाखवते."

"काही नको," लाँड्रीवाला म्हणाला. "सातदा लिहू दे. मी सातदा वाचणार आहे."

दारात गिऱ्हाईक आलं. "माझे शर्ट झाले का?"

"थांबा हो," तो मान वर न करता म्हणाला, "चौथं चाललंय."