टाचेमागची शीर

तीस वर्षं मी घोडे सवारीसाठी तयार केले. गेल्या हिवाळ्यात डाव्या टाचेमागची शीर धरली. सकाळी पहिलं पाऊल टाकताना डोळ्यांत पाणी यायचं आणि रिकिबीत पाय रोवला की कळ थेट पोटरीत जायची. रिसोडच्या डॉक्टरांनी सवारी बंद केली आणि रोज पायरीवर उभं राहून टाचा हळूहळू वर-खाली करायला सांगितलं. महिनाभर तेच केलं. त्या पायरीचा मला वीट आला. इकडे माझी घोडी बांधून बांधून बिथरायला लागली, म्हणून एका सकाळी मी तिच्यावर खोगीर चढवलं.

"कायले चढून राह्यले?" बायको घरातून ओरडली.

"मंग हिले फिरवन कोन?"

जन्मात कधी घोड्याला हात न लावलेल्या माझ्या बायकोनं लगाम हातातून घेतला आणि घोडीला बांधाबांधानं पायी नेलं. मी पायरीवर बसून पाहत राहिलो. लाज वाटली, पण ठणकत्या टाचेनं तिच्यामागं चालणं जमणार नव्हतं.

आता ओट्यावरून चढून अर्धा तास सवारी करतो. टाच सकाळी अजून ठणकते. घोडीची पहिली फेरी बायकोच पायी मारते आणि ती फेरी परत मागायची मला घाई नाही.