गुलाल लागलेल्या पेशी

जोतिबाच्या डोंगरावर माझ्या वडिलांचं, आबांचं, गुलाल-खोबऱ्याचं दुकान आणि खाली कोल्हापुरात माझी प्रयोगशाळा. तिथं मी यीस्टच्या पेशी वाढवते. "दिवसभर नेमकं काय करतीस?" हा आबांचा ठरलेला प्रश्न आणि "तुम्हाला नाही कळायचं" हे माझं ठरलेलं उत्तर. एकदा दुकानात बसून शेवटी सांगितलंच.

एकीच्या दोन होण्याआधी पेशी आपल्या डीएनएची नक्कल काढते, तीही एकदाच. नक्कल सुरू झाली की ती सुरू करणाऱ्या प्रथिनांना फॉस्फेटची खूण चिकटते. खूण लागलेलं प्रथिन त्या फेरीत परत नक्कल सुरू करू शकत नाही. पेशीच्या दोन झाल्या की खुणा निघतात. "दर्शन झालेला माणूस गुलालावरनं ओळखू येतो ना, तसंच. त्याला परत रांगेत घ्यायचं नाही."

आबा खो खो हसले. "अगं, गुलाल पुसून परत रांगेत शिरणारी बेणी काय कमी हाईत व्हय!"

"पेशींतही असतात तशी," मीही हसत म्हटलं.

दिवाळीनंतर आबांना रक्ताचा कर्करोग निघाला. दवाखान्यात डॉक्टर बोलून गेले की आबा माझ्या तोंडाकडे बघायचे. एका दुपारी म्हणाले, "ती पुसणारी बेणी माझ्यात शिरल्यात, व्हय?"

"अगदी तसंच नाही, आबा. पण थांब म्हटलेलं ऐकत नाहीत, हे खरं."

"मग तू लाव की त्यास्नी गुलाल. शिकलीस कशाला एवढं?"

चेष्टा नव्हती ती. मला राग आला, त्यांचा नव्हे, माझ्या त्या यीस्टच्या बाटल्यांचा. खोटं सांगता आलं असतं. आजूबाजूच्या खाटांपाशी सगळे आपापल्या माणसांना 'बरं होणार तुम्ही' असंच सांगत होते.

"खूण कधी लागते ते मला यीस्टमध्ये दिसतं, आबा. तुमच्यात लावता येत नाही मला."

त्यांनी तोंड खिडकीकडे वळवलं. मग म्हणाले, "बरं. चैत्राच्या यात्रेला दुकान बंद ठेवू नगासा."

यात्रेआधीच ते गेले. तिरडी दारात आली तेव्हा दुकानातलंच गुलालाचं पोतं फोडलं. कुणीतरी मला पुढं केलं. मी त्यांच्या कपाळाला गुलाल लावला आणि तिथंच बसून राहिले. वाटत होतं, आत्ता हात वर करतील, गुलाल पुसतील आणि सगळ्यांना फसवून परत रांगेत शिरतील.

"पोरी, सर आता. उचलायचं हाय," मागून काका म्हणाले.

मी सरकले. कपाळावरचा गुलाल तसाच होता.